मोतीबिंदूच्या ऑपरेशनला पेशंटला सरळ गुंगी देऊन झोपवत का नाहीत?

आई फार घाबरतात म्हणून गुंगीचं इंजेक्शन देऊन झोपवूनच टाका असं तुम्ही म्हणताय आणि डॉक्टर नुसत्या डोळा बधिर करणाऱ्या थेंबांवर करू म्हणतायत. मी भूलतज्ज्ञ आहे आणि यात मी डॉक्टरांच्याच बाजूने आहे.

गुंगीत माणूस धड झोपलेलाही नसतो आणि धड जागाही नसतो. डोळा लागला की घोरणं सुरू, घोरताना मान हलते, आणि मध्येच दचकून जाग आली की तोंडावर कापड, आपण कुठे आहोत तेच कळत नाही, मग पहिलं काय होतं तर मान उचलली जाते नाहीतर हात डोळ्याकडे जातो. नेमकं तेव्हाच डोळ्यात सर्जनचं हत्यार असतं. आणि डोळ्यातलं भिंग ज्या पिशवीत असतं तिची मागची बाजू सगळ्यात पातळ जागी जेमतेम 4 मायक्रॉनची, म्हणजे केसाच्या दहाव्या हिश्शाहून पातळ, तिला धक्का लागला तर साधं ऑपरेशन अवघड होऊन बसतं. अमेरिकेत भूलतज्ज्ञांवर झालेल्या दाव्यांचा एक अभ्यास 1992 साली आला होता, त्यात डोळ्याच्या इजेच्या दाव्यांपैकी 30 टक्के डोळ्याच्या ऑपरेशनमध्ये पेशंट हलल्यामुळे झालेले, आणि त्या सगळ्यांची नजर गेली. बरेचसे तर पूर्ण भूल दिलेले होते, तेव्हा पूर्ण भूल म्हणजे धोका संपला असं अजिबात नाही.

लहान मुलांना पूर्ण भूल द्यावीच लागते, आणि डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असलेले किंवा मान सतत थरथरणारे पेशंट यांनाही कधीकधी द्यावी लागते. घाबरणाऱ्या पेशंटला मीही कधीकधी मिडॅझोलम हे गुंगीचं औषध देते, पण अगदी थोडं, हाक मारली की ओ देतील इतपतच. खरं सांगू का, औषधापेक्षा कापडाखालून हात धरून बसलेली सिस्टर जास्त कामाला येते, हे मी रोज बघते.

आईंना एवढं पक्कं सांगा की खोकला किंवा शिंक येतेय असं वाटलं तर दाबून ठेवायची नाही, मान न हलवता आधी तोंडाने "डॉक्टर, खोकला" म्हणायचं, ते हत्यार बाहेर घेतात मग खुशाल खोका. ऐकू कमी येत असेल तर आधीच सांगून ठेवा, कारण आत सगळ्या सूचना बोलूनच देतात. आणि घरी दोन-चार दिवस तोंडावर पातळ ओढणी टाकून वीसेक मिनिटं उताणं पडून बघू दे, तुम्ही शेजारी बसा, तेवढ्यात दम लागला किंवा खोकल्याची उबळ आली तर ऑपरेशनच्या आधीच डॉक्टरांच्या कानावर घाला.