नऊ वर्षांची लेक आणायला येताय? मुक्काम वाढवा

प्रश्न: आम्ही दोघं न्यू जर्सीत राहतो, दोघंही अमेरिकेचे नागरिक आहोत. मुंबईतल्या एका संस्थेतली 9 वर्षांची मुलगी दत्तक घेतोय. काराची, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्रीय प्राधिकरणाची, एनओसी (ना-हरकत प्रमाणपत्र) आता येईलच. यांना दोन आठवड्यांचीच रजा मिळतेय. सासूबाई डोंबिवलीला असतात. आम्ही पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी हॉल ठरवलाय, नाव ठेवायचा कार्यक्रम आणि जेवण. मुलगी लगेच घरच्यांत मिसळेल असं त्यांचं म्हणणं. हे बरोबर आहे का? आणि मुंबईत असताना नेमकं काय काय करून घ्यायचं?

उत्तर: आधी हॉल रद्द करा. आगाऊ दिलेले पैसे बुडाले तरी चालतील.

सासूबाईंच्या मनात काही वाईट नाही, पण त्यांच्या डोळ्यांसमोर बाळ आहे. बाळाला दहा जणांच्या मांडीवर फिरवलं तरी बिघडत नाही. तुमची मुलगी चौथीत शिकणारी आहे. संस्थेत वाढलेल्या मुलांना पाहुण्यांची चांगलीच सवय असते. कोणाच्या तरी वाढदिवसाला, कोणाच्या तरी वर्षश्राद्धाला अनोळखी माणसं येतात, जेवण देतात, गाल ओढतात, फोटो काढतात आणि निघून जातात. तुमचा हॉल तिला तसलाच एक कार्यक्रम वाटेल, आणि त्या गर्दीत तुम्ही दोघं म्हणजे आणखी दोन पाहुणे. आजीला भेटायचंच असेल तर पहिला आठवडा सरू द्या, मग त्यांनी एकटीने तुमच्याकडे यावं. हातात फार तर एक डबा. काका-मामा-आत्या फोटोतून ओळखीचे झाले तरी या खेपेला पुरे.

नावाचंही तेच. ज्या नावाने तिला नऊ वर्षं हाक मारली, ते तिचं आहे. मधलं नाव आणि आडनाव तुमचं लागणारच आहे, आपल्याकडे घरचं माणूस म्हणून ओळखायला तेवढं पुरतं. पुढे तिलाच बदलावंसं वाटलं तर बघा.

आता रजेचं. दोन आठवड्यांत कागद झाले तरी मुलीला तेवढे पुरणार नाहीत. एनओसी मिळाली की दत्तकाचा आदेश व्हायच्या आधीही, हमीपत्र देऊन, मूल तात्पुरतं तुमच्याकडे भारतातच ठेवता येतं. याचा फायदा घ्या असं मी प्रत्येकाला सांगते, आणि बहुतेक लोक रजेचं कारण सांगतात. कायद्याने आदेश दोन महिन्यांत व्हावा अशी अपेक्षा आहे. दोघांपैकी एकाने तेवढा काळ मुंबईत काढावा. हॉटेल नको, डोंबिवलीचं घरही नको. संस्थेपासून फार लांब नाही असं, स्वयंपाकघर असलेलं भाड्याचं घर बघा. दुसऱ्याने आधी यावं, परत जावं, आणि शेवटी न्यायला पुन्हा यावं. तिकिटाचा खर्च वाढतो हे खरं. पण तिला तुमची सवय आपल्या ओळखीच्या शहरात झाली, तर पुढचा विमानप्रवास ती तुमच्याबरोबर करेल. नाहीतर तिला कोणीतरी नेतंय, एवढंच होईल.

भाषेचं गृहीत धरू नका. तुम्ही घरात मराठी बोलता, मुलगी मुंबईची, म्हणजे प्रश्न मिटला असं वाटतं. मुंबईतल्या संस्थांमध्ये मुलं कुठकुठली असतात, आपसात बोलतात ती मुंबईची हिंदी. शाळा मराठी माध्यमाची असली तरी भांडण आणि रडणं हिंदीतच. तेव्हा संस्थेला आत्ताच विचारा, आणि तिची जी भाषा असेल ती तुम्ही आधी बोला. शुद्ध मराठीचा आग्रह दोन वर्षांनी धरा.

जेवणाकडे लक्ष ठेवा. उशीच्या अभ्र्यात बिस्किटाचा अर्धा पुडा किंवा फडक्यात गुंडाळलेली चपाती सापडली तर तो विषय काढू नका. तिचा हात पोचेल अशा जागी एक डबा ठेवा, शेव, चिवडा, बिस्किटं, जे तिला आवडेल ते, आणि तो कधीही रिकामा होऊ देऊ नका. कोणाला न विचारता त्यातलं घेता येतं हे तिला पटलं की लपवणं हळूहळू कमी होतं. महिने लागतात.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी थोडं. पतिपत्नीच्या वयाची बेरीज 85 च्या वर गेली की दोन वर्षांखालचं मूल मिळत नाही. 8 वर्षांपुढच्या मुलासाठी ती 110 पर्यंत चालते. म्हणून पन्नाशीकडे झुकलेली बरीच जोडपी मोठ्या मुलाचा विचार करतात. त्यात गैर काही नाही, फक्त हुकलेलं बाळपण त्या मुलात शोधू नका. ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे, त्यांना काराकडे भारतात राहणाऱ्यांच्या बरोबरीचा अग्रक्रम आहे. पण परदेशातलं दत्तक मूल अमेरिकेत न्यायचा, आंतरदेशीय दत्तकाच्या हेग कराराखालचा आय-800 अर्ज नागरिकालाच करता येतो, दोघांकडे फक्त ग्रीन कार्ड असेल तर चालत नाही. इथे मूल हातात आणि तिथे व्हिसा नाही अशी अवस्था होते, तेव्हा आधी तिथल्या वकिलाला भेटा. आणि गावाकडच्या नात्यातलं मूल 1956 च्या हिंदू दत्तक कायद्याने परस्पर घेऊन नेऊ, असं कोणी सुचवलं तर काराच्या एनओसीशिवाय ते पार पडत नाही. पैशांचंही असंच. संस्थेला द्यायची रक्कम ठरलेली आहे, तिची पावती मिळते. त्यापलीकडे देणगी मागितली तर देऊ नका, आणि काराला कळवा.

तुमच्याकडे वळते. आदेश, मग काराचं अनुरूपता प्रमाणपत्र (दत्तक हेग करारानुसार झालं याचं), तुमच्या नावांचा जन्मदाखला, पासपोर्ट, व्हिसा. हा क्रम तुमची अमेरिकेतली दत्तक एजन्सी सांभाळेल. तुम्ही एकच बघा: सगळ्या कागदांवर नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख एकच आहे ना. शाळेच्या दाखल्यावर 1 जून दिसली तर दचकू नका, आपल्यातल्या निम्म्या काकांचा वाढदिवस 1 जूनलाच असतो. पण दाखल्यावर 1 जून आणि आदेशात दुसरंच काही, असं असेल तर मुंबईतच दुरुस्त करून घ्या.

एजन्सीच्या यादीत नसलेल्या गोष्टी तुम्ही स्वतः मागा. शाळा सोडल्याचा दाखला आणि प्रगतिपुस्तकं. लसीकरणाची नोंद, जुने एक्सरे. संस्थेत काढलेले सगळे फोटो, अगदी गॅदरिंगच्या घोळक्यातलेसुद्धा. आणि कोणी भावंड आहे का, हे स्पष्ट विचारा. तुमची मुलगी कुठे आणि कशी सापडली याची माहिती फाइलमध्ये असेल, ती वाचा आणि आपल्यापाशी ठेवा. नातेवाइकांना एक शब्द सांगू नका. तो तिचा इतिहास आहे, कोणाला सांगायचा ते ती मोठी होऊन ठरवेल.

पाच वर्षांवरच्या मुलाची संमती घ्यावी लागते, तुमच्या मुलीनेही दिली असेल. पण अमेरिकेला जायचं का, याला हो म्हणताना उद्यापासून शेजारच्या पलंगावरची मैत्रीण दिसणार नाही हे नऊ वर्षांच्या पोरीच्या लक्षात येईलच असं नाही. ताबा घेतल्यावर संस्था परवानगी देईल तितक्या वेळा तिला तिथे भेटीला न्या. शेवटच्या दिवशी पेढे तुम्ही वाटू नका, तिला वाटू द्या. तिला न्हाऊ-माखू घालणाऱ्या मावशींबरोबर फोटो काढा आणि तो छापून तिच्या हातात द्या, फोनमध्ये ठेवू नका. ती रडली तर आपलं काही चुकलं असं समजू नका. अजिबात रडली नाही तर मला जास्त काळजी वाटेल.

तिकडे गेल्यावर पहिले काही आठवडे ती फार शहाण्यासारखी वागेल. ताट उचलून ठेवेल, सगळ्याला हो म्हणेल. लोक म्हणतील, किती गुणी! मग एक दिवस दार आपटेल, खोटं बोलेल, 'तुम मेरी मम्मी नहीं हो' म्हणेल. तुम्ही तिला ठेवून घेणार की नाही हे ती तपासून बघतेय. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी तुमच्या एजन्सीने पाठपुरावा अहवाल पाठवायचा असतो. त्यासाठी घरी येणाऱ्या सोशल वर्करपुढे सगळं छान चाललंय असं दाखवायची धडपड करू नका, दार आपटल्याचंही सांगा. हिंदी बोलणारी, दत्तक मुलांबरोबर काम केलेली समुपदेशक मात्र आत्ताच, मुंबईला निघायच्या आधी शोधून ठेवा. तिकडे पहिली अपॉइंटमेंट मिळायलाच कितीतरी आठवडे जातात.