निवेदकाने फसवले, की लेखकाने?

प्रश्न : मी नुकतीच एक मानसशास्त्रीय थरारकादंबरी वाचून संपवली. सगळी कथा नायिकेच्या तोंडून, प्रथमपुरुषी निवेदनात येते. तीनशे पाने मी तिच्या बाजूने उभी होते आणि शेवटच्या दोन प्रकरणांत कळले की, ज्या रात्रीची हकिकत तिने तीन वेळा सांगितली ती तशी घडलीच नव्हती. मला फसवल्यासारखे वाटते. हा वाचकाचा विश्वासघात नाही का?

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे आणि बरीच जुनीही आहे. इंग्रज लेखक रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ साली रहस्यकथालेखकांसाठी दहा नियम मांडले. त्यांतल्या पहिल्याच नियमात त्यांनी म्हटले आहे की, ज्याच्या मनातले विचार वाचकाला कळू दिले आहेत, असे पात्र गुन्हेगार निघता कामा नये. मात्र त्याआधी तीन वर्षे, १९२६ मध्ये, नेमके हेच करणारी एक इंग्रजी रहस्यकादंबरी प्रसिद्ध होऊन गाजली होती. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्या आनंदावर विरजण पडू नये, म्हणून तिचे नाव येथे देत नाही. तिच्यातला निवेदक महत्त्वाच्या प्रसंगाविषयी एकही वाक्य खोटे लिहीत नाही. नऊला वीस मिनिटे असताना पत्रे आत आली आणि नऊला दहा मिनिटे असताना आपण खोलीबाहेर पडलो, एवढेच तो सांगतो आणि मधल्या दहा मिनिटांविषयी गप्प राहतो. कादंबरीच्या शेवटी तो स्वतःच या रिकाम्या जागेकडे बोट दाखवतो. वाचकासमोर घड्याळ उघडे ठेवलेले असते. त्याने ते पाहिलेले नसते, इतकेच.

माझ्या मते आपल्या प्रश्नाचा निकाल येथेच लागतो. निवेदकाला खोटे बोलण्याची मुभा आहे. लेखकाला ती नाही. ‘अविश्वसनीय निवेदक’ ही संज्ञा समीक्षक वेन बूथ यांनी १९६१ साली रूढ केली, तेव्हा त्यांचा रोख केवळ खोटे बोलण्यावर नव्हता. निवेदक जे मानतो आणि ती साहित्यकृती एकूण जे मानते त्यांच्यात अंतर पडले, की निवेदक अविश्वसनीय ठरतो, असे त्यांचे म्हणणे होते. हे अंतर वाचकाला जाणवेल अशी सोय करणे हे लेखकाचे काम आहे आणि ते त्याला निवेदकाच्याच शब्दांतून, निवेदकाच्या नकळत करावे लागते. म्हणून अशा कादंबरीत निवेदकाच्या मतांपेक्षा त्याने जाता जाता नोंदवलेल्या गोष्टी अधिक बोलक्या असतात. ‘माझी बहीण माझा मत्सर करते’ हे मत झाले. परंतु बहीण खोलीत आल्याबरोबर तिने टेबलावरच्या किल्ल्या उचलून स्वतःजवळ ठेवल्या, ही नोंद आहे. ती बहीण मत्सरी आहे की घाबरलेली, हे आता वाचकाने ठरवायचे असते.

कथा कोणत्या काळात सांगितली जाते, याकडेही लक्ष द्यावे. भूतकाळात सांगणाऱ्या निवेदकाला शेवट ठाऊक असतो. तो जे दडवतो ते जाणूनबुजून दडवतो. त्यामुळे तो हे कोणाला आणि कशासाठी सांगतो आहे, असा प्रश्न पहिल्या पानापासून विचारता येतो. पोलिसांना दिलेला जबाब, दुसऱ्याच्या हाती पडावी म्हणून लिहिलेली रोजनिशी आणि स्वतःची समजूत घालण्यासाठी केलेले कथन, या प्रत्येकातले खोटे वेगळ्या जातीचे असते. याउलट वर्तमानकाळात, क्षणोक्षणी मनात चाललेले सांगणारा निवेदक स्वतःला पक्के ठाऊक असलेली गोष्ट शेवटापर्यंत मनातही आणत नसेल, तर तेथे लेखकाने आपल्या सोयीसाठी त्याचे तोंड दाबून धरलेले असते. अशी कादंबरी मला अप्रामाणिक वाटते, मग तिची कलाटणी कितीही चकित करणारी असो.

आपल्या कादंबरीत त्या रात्रीची हकिकत तीन वेळा येते, ही फार चांगली संधी आहे. ती तिन्ही कथने शेजारी शेजारी ठेवून वाचा. कोणता तपशील दर वेळी तसाच राहतो, कोणता बदलतो आणि कोठे नायिका कोणी न विचारताच स्वतःचा बचाव करू लागते, हे पाहा. भेग तेथेच दिसली, तर लेखकाने आपल्याशी व्यवहार सचोटीने केला आहे. तिन्ही कथने निर्दोष जुळत असतील आणि केवळ शेवटचे प्रकरण सांगते म्हणून ती खोटी मानायची असतील, तर आपली तक्रार मला पूर्णपणे मान्य आहे.

प्रश्न : अलीकडच्या अशा कादंबऱ्यांत निवेदक मद्याच्या अंमलाखाली सारे विसरतो आणि शेवटी त्याला सारे आठवते. हे खरोखर घडते का?

उत्तर : पहिला भाग घडतो, दुसऱ्याविषयी मला गंभीर शंका आहे. थोड्या वेळात फार मद्य पोटात गेले, की मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाचे काम अडखळते आणि अनुभवांची दीर्घकालीन आठवण तयारच होत नाही. काही वेळा तुटक तुकडे उरतात व एखाद्या खुणेने ते जागे होतात. परंतु जी स्मृती घडलीच नाही, ती चित्रपटासारखी सलग परत येऊ शकत नाही. स्मृती बिघडते तीही वेगळ्याच वाटेने. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ च्या प्रयोगात लोकांना मोटारींच्या अपघाताची फीत दाखवली. ‘मोटारी एकमेकींवर आदळून चक्काचूर झाल्या तेव्हा वेग किती होता’ अशा धाटणीचा प्रश्न ज्यांना विचारला, त्या ५० जणांपैकी १६ जणांनी आठवड्यानंतर फुटलेली काच पाहिल्याचे सांगितले. ‘धडकल्या’ असा सौम्य शब्द ऐकलेल्या ५० जणांत हे प्रमाण ७ होते. फितीत फुटलेली काच कोठेच नव्हती. एका क्रियापदाने एवढे होत असेल, तर विस्मरण झालेल्या निवेदकाला रोज कोणी ‘तूच ते केलेस’ असे सांगत राहिल्यावर त्याच्या मनात काय उभे राहील, हा कादंबरीसाठी अधिक सच्चा आणि अधिक भयंकर विषय आहे. असे निवेदन वाचताना त्याला काय आठवते याबरोबरच, ते त्याला प्रथम कोणी सांगितले, ते पान शोधून ठेवावे.