स्टिअरिंग सैल झालंय. मुदत ठेव मोडू का?

तुमची गाडी 14 वर्षांची आहे. स्टिअरिंग दोन-तीन बोटं फिरवलं तरी चाकं जागची हलत नाहीत, आणि वेगात गाडी डावी-उजवीकडे भरकटते. गॅरेजने अख्खा स्टिअरिंग रॅक (स्टिअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत पोहोचवणारा भाग) बदलायला सांगितलाय. तो खर्च गाडीच्या आजच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याइतका. तुम्ही तीन पर्याय लिहिलेत: रॅक बदलायचा, मुदत ठेव मोडून नवी गाडी घ्यायची, नाहीतर बोनस येईपर्यंत सहा महिने तसंच चालवायचं.

तिसरा पर्याय आजच सोडून द्या. एसी बिघडला तर घाम येतो, एवढंच. झिजलेला बॉल जॉइंट (चाकाला गाडीशी जोडणारा गोल सांधा) चालत्या गाडीत निखळला तर चाक तुमचं ऐकत नाही. तपासणी होईपर्यंत गाडी हायवेवर काढू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

पण रॅकलाही लगेच हो म्हणू नका. स्टिअरिंगमधला सैलपणा कुठून येतोय हे शोधल्याशिवाय कुठलाच आकडा खरा नाही. दुसऱ्या मेकॅनिककडे जा आणि त्याला तुमच्यासमोर तपासायला सांगा. एकाने स्टिअरिंग हलकेच डावं-उजवं हलवायचं, दुसऱ्याने खाली टाय रॉड एंडवर, म्हणजे रॅकला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याच्या टोकाच्या सांध्यावर, हात ठेवायचा. सांधा झिजला असेल तर हाताला खटका लागतो. मग गाडी जॅकवर चढवून, स्टँड लावून, चाक घड्याळातल्या 3 आणि 9 च्या जागी धरून हलवायचं. तिथे हललं तर संशय टाय रॉडवर. 12 आणि 6 ला हललं तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग. रॅकला गाडीशी धरून ठेवणारे रबरी बुश फाटले असतील तर अख्खा रॅकच सरकताना दिसतो. हे सगळे भाग साधारणपणे पूर्ण रॅकपेक्षा बरेच स्वस्त असतात.

क्रमही महत्त्वाचा. माझ्या जुन्या गाडीचं मी एका वर्षात तीनदा अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करून घेतलं होतं. दर वेळी महिन्याभरात गाडी पुन्हा एका बाजूला ओढायची. दोष टाय रॉड एंडचा होता. सांधा सैल असताना अलाइनमेंट टिकत नाही, आणि तोवर पुढच्या दोन टायरच्या कडा खाल्ल्या गेल्या होत्या. आधी सांधे बदला, अलाइनमेंट त्यानंतर. कोणी रॅकचा स्क्रू आवळून काम भागवतो म्हणालं तर सावध राहा. तो जास्त आवळला गेला की वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही.

आता हिशेब. गाडीच्या किमतीशी तुलना करून तुम्ही घाबरलात, ते स्वाभाविक आहे, पण तो प्रश्न गाडी विकणाऱ्याचा. तुम्हाला ती वापरायची आहे. गाडी आणखी दोन वर्षं नीट चालेल असं मेकॅनिक म्हणत असेल, तर दुरुस्तीचा आकडा 24 ने भागा. नव्या गाडीच्या बाजूला मासिक हप्ता, वाढलेला विम्याचा प्रीमियम आणि पहिल्या वर्षांत सर्वात जोरात होणारा घसारा, म्हणजे गाडीच्या किमतीतली घट, धरा. ठेव मुदतीआधी मोडल्यावर बुडणारं व्याजही तिथेच लिहा. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून पूर्ण रॅक बदलावा लागला तरी महिन्याचा भार हप्त्यापेक्षा खूपच कमी येतो. माझं मत स्पष्ट आहे: दुरुस्त करा.

एकच अपवाद. रॅक जिथे बसतो तिथला पत्रा गंजून कुजला असेल, किंवा इंजिन-गिअरबॉक्सही मोठं काम मागत असतील, तर पैसे ओतू नका. गाडी विका, पण घेणाऱ्याला स्टिअरिंगचा दोष सांगून. किंमत कमी येईल, ती येऊ द्या. त्या गाडीत त्याचीही मुलं बसणार आहेत.

पैसे आपत्कालीन निधीतून काढा. अशाच वेळेसाठी तो ठेवलेला असतो. झीज विम्यात बसत नाही, त्यामुळे क्लेमच्या आशेवर थांबू नका. बोनस आला की त्यातून पहिल्यांदा हा खड्डा भरा. ठेवीला हात लावायची गरज पडणार नाही.