मुलीच्या बेकरीला तुमचा विरोध नेमका कशाला?

प्रश्न : आम्ही माझगावला राहतो. माझे आजोबा चीनच्या ग्वांगडाँगमधून जहाजावर आले आणि इथेच राहिले. त्यांची छोटी बेकरी होती, ती 1962 नंतर बंद पडली. बायको मराठी, घरात मराठीच बोलतो. मुलीला बारावी कॉमर्सला 68 टक्के मिळालेत. तिला आजीच्या हातचे पदार्थ घेऊन व्हीगन, म्हणजे दूध-अंडीसुद्धा नसलेली, चायनीज बेकरी काढायची आहे. मुळात हा माल चरबी आणि अंड्यांवर चालतो, त्यात हे इन्स्टाग्रामचं फॅड! शिवाय आमची पाटी एकदा उतरवावी लागली आहे. मीही शाळेत ‘ए चिनी’ ऐकतच मोठा झालो. पुन्हा ती पाटी नको. तुम्ही फोन करून तिला बीकॉम आणि बँकेच्या परीक्षांचं पटवून द्यावं, ही विनंती. – एक वडील

उत्तर : 68 टक्क्यांत अडण्यासारखं काहीच नाही, तो विषय सोडून देऊ. मला काळजी वाटली ती पाटीबद्दलच्या ओळींची.

तुमची भीती खोटी नाही. 1962 च्या युद्धाच्या वेळी आसाम, शिलाँग, दार्जिलिंगकडच्या सुमारे 3000 चिनी वंशाच्या लोकांना घरांतून उचलून राजस्थानात देवलीच्या छावणीत ठेवलं गेलं. त्यांत इथेच जन्मलेली माणसं होती, लहान मुलं होती, आणि काहींना सुटायला वर्षं लागली. नंतर कितीतरी कुटुंबं धंदे गुंडाळून कॅनडा-ऑस्ट्रेलियाला निघून गेली. हे जवळून सोसलेल्या घरातला बाप सावध असणारच. 2020 मध्ये गलवानच्या भारत-चीन चकमकीनंतरही चिनी नावांवर राग निघाला, त्यामुळे आता धोका अजिबात नाही असं मी म्हणणार नाही.

पण हे सगळं तुमच्या मुलीला माहीत आहे का? पत्रावरून तरी तसं वाटत नाही. तिच्यासमोर तुम्ही टक्के, फॅड, बँकेची नोकरी एवढंच काढता. तिची समजूत अशी झाली असणार की बाबांना आपली लायकीच कमी वाटते. हे मला फार लागलं. मनातली भीती लपवण्यासाठी मुलीला नालायक ठरवणं हा अन्याय आहे, मग तो कितीही प्रेमापोटी केलेला असो. म्हणून मी तिला फोन करणार नाही. दुकानाची पाटी कशी उतरवली, त्यानंतर घरात काय झालं, हे तुम्ही स्वतः तिला सांगा, तुमच्या आईला शेजारी बसवून. ते ऐकून तिने बेकरी सोडली तर सोडू दे, नाव बदललं तर बदलू दे. हट्टाने तेच नाव ठेवलं, तरी जोखीम माहीत असून ठेवलेलं असेल.

आता ‘फॅड’बद्दल. इथे तुमचा गैरसमज आहे, आणि तो दूर व्हायलाच हवा. चीनमध्ये बौद्ध मठांचा शाकाहार दीड हजार वर्षांचा आहे. सहाव्या शतकात लिआंग घराण्याच्या सम्राट वूने भिक्षूंना मांस वर्ज्य केलं, आणि मठांच्या स्वयंपाकात कांदा-लसूणही चालत नाही. तुमच्या घरच्या मूनकेकचंच, म्हणजे सणाला करतात त्या सारण भरलेल्या गोड केकचंच बघा. ग्वांगडाँगकडच्या मूनकेकचं आवरण मैदा, साखरेचा पाक, शेंगदाण्याचं तेल आणि क्षाराचं पाणी यांचं असतं. त्यात दूधही नाही, अंडंही नाही. अंडं येतं ते वरून लावायला आणि आत खारवलेला बलक ठेवला तर. कमळबीचं किंवा लाल चवळीसारख्या दाण्यांचं गोड सारण, त्याचा मूळ माल शाकाहारीच, फक्त चरबीऐवजी तेलात परतायचं. मुलगी काही नवं खूळ आणत नाहीये, ती तुमच्याच घरातली एक जुनी वाट धरते आहे.

अडचण खरी आहे ती पदरांच्या खाऱ्या-गोड्या पेस्ट्रीत. चिरोट्याला साटा लावतो तशी तिथे डुकराची चरबी लावतात. तिच्या जागी खोबरेल घेतलं तर ते साधारण 24 अंशांनाच पातळ होतं, म्हणजे मुंबईत पदर सुटण्याआधीच पीठ तेलकट. हा प्रश्न तिने कसा सोडवलाय, हे तिला विचारा. उत्तर असेल तर ती मनापासून शिकते आहे असं समजा. एग टार्टचा, म्हणजे अंड्याच्या कस्टर्डने भरलेल्या पेस्ट्रीचा नाद मात्र तिने सोडावा. ज्या पदार्थाचा जीवच अंड्यात आहे, त्याची नक्कल करून आजीचं नाव खराब होईल.

अभ्यासक्रमाचं थोडक्यात सांगतो. हॉटेल मॅनेजमेंटच्या पदवीला एनसीएचएम जेईई ही प्रवेश परीक्षा आहे आणि दादरची आयएचएम (हॉटेल मॅनेजमेंटची सरकारी संस्था) तुम्हाला जवळची. फक्त बेकरी शिकायची तर आयएचएममध्ये दीड वर्षाचा बेकरी-कन्फेक्शनरी डिप्लोमाही असतो. तुमच्या समाधानासाठी बीकॉम बाहेरून करता येईल, हिशेब तिला लागणारच आहेत.

पण या सगळ्याआधी एक काम आहे, आणि त्याला थांबायला वेळ नाही. आजीचं माप हाताचं असणार, कुठे लिहिलेलं नसणार. मुलीने वजनकाटा घेऊन त्यांच्याजवळ बसावं आणि प्रत्येक मूठ, प्रत्येक चिमूट ग्रॅममध्ये उतरवून घ्यावी. पाक किती शिजला की उतरवायचा, पीठ किती वेळ झाकून ठेवायचं, तेही लिहावं. तिकडे तुम्हीही बसा.

दुकान लगेच नको, हे तिने विचारलं तर मी तिलाही स्पष्ट सांगेन. अठराव्या वर्षी भाडं, ओव्हन आणि दोन कारागिरांचा पगार डोक्यावर घेऊ नये. आधी वर्षभर एखाद्या चालत्या बेकरीत पहाटेच्या पाळीला काम करावं. मूनकेकचा सण चिनी पंचांगाच्या आठव्या महिन्यातल्या पौर्णिमेला येतो, बहुधा आपल्या भाद्रपद पौर्णिमेला किंवा कोजागरीला. तेवढ्यापुरत्या घरून ऑर्डर घ्याव्यात. मूनकेक भाजल्यावर दोन-तीन दिवसांनी मऊ आणि चकचकीत होतो आणि टिकतोही, त्यामुळे घरून विकायला सोयीचा. घरून विकायचं तरी एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते. डब्यावर नुसता हिरवा ठिपका असला म्हणजे माल व्हीगन ठरत नाही, कारण त्यात दूध आणि मध चालतात. व्हीगनचं वेगळं चिन्ह 2022 च्या नियमांनुसार परवानगी घेऊनच छापता येतं. या पहिल्या हंगामाचा खर्च तुम्ही द्या, पण उसना म्हणून, वहीत मांडून. जमाखर्च तिलाच लिहू दे आणि सण झाल्यावर दोघांनी मिळून तो बघा. दुकानाचं बोलणं त्यानंतर.