सेल्फी जुळली नाही, म्हणून शेतकऱ्याला माघारी लावायचं का?

प्रश्न : आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे, सोयाबीन आणि तुरीची खरेदी करते. सभासदांसाठी आम्ही मोबाईल ॲप बनवायलोत. मी आणि माझा एक मित्र, दोघंच लिहायलोत. संचालकांचं म्हणणं असं की नवा सभासद ॲपवरच नोंदवावा, आधार आणि सेल्फीची पडताळणी तिथंच व्हावी. त्यासाठी एका कंपनीचा तयार एसडीके (आपल्या ॲपात जोडायचा तयार कोड) घेतला. नमुना आमच्या ॲपात लगेच चालला. पण गावात चाचणी घेतली तर म्हातारी माणसं पुढंच जाईनात. सारखं ‘चेहरा जुळला नाही’ येतं. एसडीकेवाले म्हणतात जुळणीची मर्यादा, म्हणजे चेहरा किती जुळला की पास धरायचं ती, खाली आणा. आणावी का?
– एक वाचक, उदगीर

उत्तर : आणू नका. मर्यादा खाली आणली की तुमचे म्हातारे सभासद पास होतील हे खरं, पण त्यांच्याच कार्डावर त्यांचा पुतण्याही पास होईल. घरातल्या माणसांचे चेहरे एकमेकांसारखे असतात, आणि गावात फसवणूक होते ती बहुतेक घरातूनच होते.

आधी एक गोष्ट पाहा. ‘चेहरा जुळला नाही’ या एका वाक्यामागं एसडीके तीन वेगवेगळी कामं करत असतो. कागद वाचणं, समोर जिवंत माणूस आहे की फोटो धरलाय हे ओळखणं, आणि कागदावरचा चेहरा सेल्फीशी ताडून पाहणं. तिन्हींची बिघडण्याची कारणं वेगळी आहेत. तुमच्या सर्व्हरवर येणाऱ्या निकालात बहुतेक वेळा प्रत्येक टप्प्याचा वेगळा कोड असतो. तो साठवा आणि गावनिहाय मांडून पाहा. मला वाटतं, तुमच्याकडं चेहऱ्याइतकीच ऊन आणि लॅमिनेशनची भानगड निघेल.

आधारचा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिला गेला. त्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत ज्यांनी आधार काढलं आणि नंतर कधी फोटो बदलला नाही, त्यांच्या कार्डावरचा चेहरा दहा वर्षांहून जुना आहे. साठीच्या माणसाचा चेहरा दहा वर्षांत किती बदलतो, ते सांगायला नको. दात गेलेले, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, गाल बसलेले. त्यात कार्डावरचा फोटो बोटाच्या पेराएवढा, आणि वर पिवळं पडलेलं लॅमिनेशन. अशा फोटोशी जुळणी लागली नाही, तर दोष त्या माणसाचा नाही.

म्हणून कार्डाचा फोटो काढून त्यावरचं वाचायच्या भानगडीत पडू नका. छापील कार्ड कुणीही छापून आणू शकतो, त्याचा फोटो वाचून खरेपणा ठरत नाही. नव्या कार्डांवर आणि ई-आधारवर (संकेतस्थळावरून उतरवायच्या प्रतीवर) जो क्यूआर असतो, त्यात नाव, पत्ता, जन्मतारीख आणि फोटो असतो, आणि त्यावर यूआयडीएआयची, म्हणजे आधार देणाऱ्या सरकारी संस्थेची, डिजिटल सही असते. ती सही त्यांच्या सार्वजनिक कीने (सही तपासायला सगळ्यांना खुल्या असलेल्या किल्लीने) तपासली की मजकूर बदललेला नाही हे पक्कं कळतं, आणि तेवढ्या तपासणीला नेटही लागत नाही. फार जुन्या कार्डांवरच्या क्यूआरमध्ये ही सही नाही. अशा सभासदाला ई-आधारची नवी प्रत काढायला सांगा. आधार केंद्रात जाऊन फोटो नवा करून आणला तर आणखी बरं. तुमचा एसडीके सहीचा क्यूआर तपासतो की नुसता वाचतो, हे कंपनीला लेखी विचारा. ‘वाचतो’ असं उत्तर आलं, तर तपासणी तुमच्या सर्व्हरवर तुम्हीच करा.

आता उन्हाचं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं दुपारी अंगणात फोन धरला की पाठीमागचं ऊन कॅमेऱ्यात भरतं आणि चेहरा काळा पडतो. घराच्या आत जावं तर पत्र्याखाली अंधार. जिवंतपणाच्या तपासणीचे दोन प्रकार असतात. एकात डोळे मिचकवा, मान वळवा असं सांगतात. दुसऱ्यात माणसानं काहीच करायचं नसतं, एका फोटोवरूनच ठरवतात. आपल्या वडीलधाऱ्यांसाठी दुसरा प्रकार घ्या. पण तो घेताना आयएसओ ३०१०७-३ या मानकाप्रमाणं त्याची बाहेरच्या प्रयोगशाळेत चाचणी झालीय का, हे विचारा. छापील फोटो, दुसऱ्या मोबाईलवर दाखवलेला व्हिडिओ, मुखवटा असे प्रकार ओळखायची क्षमता तपासण्यासाठीच ते मानक आहे.

आणि सूचना मराठीत लिहा. एसडीकेची वाक्यं बहुतेक वेळा बदलता येतात, मराठीची वेगळी स्ट्रिंग्ज फाईल (ॲपमधल्या वाक्यांची फाईल) टाकली की झालं. ‘फेस नॉट डिटेक्टेड’ लाल अक्षरात आलं की माणूस घाबरतो, त्याला वाटतं आपलं आधारच रद्द झालं. त्याऐवजी ‘सावलीत या, उजेड तोंडावर येऊ द्या, पाठीमागं नको’ असं लिहा. माझी आत्या सेलूची, डोक्यावरचा पदर तिनं कुणासमोर कधी खाली येऊ दिला नाही. तिला ‘डोकं उघडं करा’ अशी सूचना दाखवणारं ॲप ती पुन्हा उघडणार नाही, आणि मला तिचं बरोबरच वाटतं. चेहऱ्याच्या जुळणीला कपाळ ते हनुवटी दिसली की पुरतं. तेवढंच सांगा : ‘चेहरा पूर्ण दिसू द्या, पदर, फेटा राहू द्या.’ चष्म्यावर उजेड चमकत असेल तर तो तेवढ्यापुरता काढायला सांगितला तर चालेल.

नाव आणि जन्मतारखेची जुळणी हा तुमच्याकडचा दुसरा मोठा खड्डा. तुम्ही त्याबद्दल विचारलं नाही, पण तो लागणारच आहे. ज्ञानोबा हे नाव इंग्रजीत एका कागदावर ‘डी’ने सुरू होतं, दुसऱ्यावर ‘जी’ने. विठ्ठलमध्ये ‘टी’ एक की दोन, हे त्या दिवशी कॉम्प्युटरवर बसलेल्या मुलावर अवलंबून. बँकेच्या पासबुकात आडनाव आधी, आधारवर शेवटी. लग्न झालेल्या बायकांचं आधार सासरच्या नावाचं आणि खातं माहेरच्या नावाचं, किंवा उलटं. अक्षराला अक्षर जुळवणारी तपासणी लावली तर अर्धं गाव बाहेर राहील. नावाचे शब्द सुटे करून, क्रम सोडून, जवळचं जुळतं का ते पाहा, आणि शंकेची प्रकरणं माणसाकडं द्या.

जन्मतारखेचंही तसंच. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लावून दिलेली एक अख्खी पिढी आपल्याकडं आहे, आणि पुष्कळ जुन्या आधारवर तर फक्त जन्मसाल आहे. तेव्हा नाव अधिक जन्मतारीख जुळली म्हणजे माणूस तोच, असं धरू नका. एकाच गावात एकाच नावाचे, १ जूनचेच दोन पांडुरंग सापडतील.

आता मूळ मुद्द्यावर येते. तुमच्या ॲपात निकाल दोनच ठेवलेत, असं दिसतं : पास आणि नापास. तिसरा ठेवा : ‘तपासणी बाकी’. पडताळणी अडली तरी नोंदणी थांबू नये. अर्ज जमा व्हावा, सभासदाला मराठीत निरोप जावा, आणि प्रकरण तुमच्या खरेदी केंद्रावरच्या माणसाच्या यादीत पडावं. तो माणूस गावात जातोच. त्यानं समोर बसून कागद पाहावेत, दोन जुन्या सभासदांची ओळख घ्यावी आणि मंजुरी द्यावी. कुणी, कधी, कशावरून मंजूर केलं याची नोंद सर्व्हरवर राहावी, आणि पहिल्या मंजुरीवर दुसऱ्या कुणाची तरी सही लागावी. नात्यातल्या माणसाची मंजुरी नात्यातल्यानं द्यायची नाही, हा नियमही संचालकांकडून ठरावात लिहून घ्या. पैसे खात्यात जाणार असतील तर त्याआधी एक रुपया पाठवून खातेदाराचं नाव बँकेकडून ताडून घ्या. सोयाबीनचे पैसे भलत्याच्या खात्यात जाण्यापासून वाचवायला ही तपासणी सेल्फीपेक्षा जास्त कामाची आहे.

हे मी इतकं लावून धरते, कारण मशीननं नाकारलेला माणूस आपल्याकडं भांडत नाही. तो गुपचूप घरी जातो आणि माल पुन्हा त्याच आडत्याकडं टाकतो, ज्याच्यापासून सुटायला तुमची कंपनी निघाली. तुमच्या अहवालात तो कुठंच दिसणार नाही. अर्धवट राहिलेल्या नोंदण्यांची यादी दर आठवड्याला काढा आणि त्या लोकांना फोन करा.

तांत्रिक बाजूचं थोडक्यात सांगते, कारण नमुना लगेच चालला म्हणालात, आणि नमुन्यात नेमक्या याच गोष्टी चुकीच्या असतात. गुप्त की (एसडीके कंपनीकडं तुमची ओळख पटवणारा पासवर्ड) ॲपात ठेवू नका. एपीके, म्हणजे ॲपची फाईल, उघडून ती कुणीही काढू शकतो. तुमच्या सर्व्हरनं एसडीके कंपनीकडून थोड्या वेळाचा टोकन (तात्पुरता परवाना) घ्यावा आणि तेवढाच फोनला द्यावा. ‘पास’ हा निकाल फोननं सांगितला म्हणून मानू नका. एसडीके कंपनीचा वेबहुक (त्यांच्या सर्व्हरनं थेट पाठवलेला निकालाचा निरोप) तुमच्या सर्व्हरवर येईल, त्याची सही तपासा आणि तोच खरा धरा. एकच वेबहुक दोनदाही येऊ शकतो, दोनदा सभासद बनवू नका. तुमच्या लोकांकडं कमी रॅमचे फोन आहेत. ओटीपी पाहायला माणूस मेसेजमध्ये गेला की मागं राहिलेलं ॲप अँड्रॉइड बंद करू शकतो. परत आल्यावर पहिल्यापासून सुरू व्हायला नको, म्हणून कुठवर आलो हे सर्व्हरवर ठेवा.

एसडीके आपल्याबरोबर कुठल्या परवानग्या आणतो, तेही मर्ज्ड मॅनिफेस्टमध्ये (ॲप आणि एसडीकेच्या परवानग्यांची एकत्र यादी असलेल्या फाईलमध्ये) पाहा. कॅमेरा ठीक. माइक आणि लोकेशन कशाला? लागत नसेल तर काढून टाका. प्ले स्टोअरच्या डेटा सेफ्टी फॉर्ममध्ये एसडीके गोळा करतो ती माहितीही तुम्हालाच लिहावी लागते.

आणि आधार क्रमांक साठवू नका. ऑफलाइन पडताळणी (वर सांगितलेली क्यूआरची, त्यातलीच) करणाऱ्यानं आधार क्रमांक गोळा करू नये, साठवू नये, असं आधार कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं स्पष्ट लिहिलंय. शेवटचे चार अंक पुरतात. ही पडताळणी सभासदाच्या संमतीनंच होते आणि दुसरा पर्याय कोणता आहे ते त्याला सांगावं लागतं. म्हणजे मी वर म्हटलेली माणसाची वाट कायद्यालाही हवी आहे. संमतीचा मजकूर मराठीत ठेवा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात इंग्रजी किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या (मराठी त्यात आहेच) कुठल्याही भाषेचा पर्याय द्यायला सांगितलंय. माहिती सांभाळण्यात कसूर झाली तर २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद त्याच कायद्यात आहे. हा आकडा संचालकांना बैठकीत जरूर वाचून दाखवा.

प्रश्न : एसडीके घातलेलं ॲप माझ्या फोनवर डीबगमध्ये (बनवताना चाचणीला वापरायच्या आवृत्तीत) व्यवस्थित चालतं. प्ले स्टोअरवर टाकायची रिलीज आवृत्ती मात्र पडताळणीचं बटण दाबलं की बंद पडते. दुसरं म्हणजे प्ले कन्सोलवर १६ केबीची काहीतरी सूचना यायली.
– एक विद्यार्थी, हिंगोली

उत्तर : रिलीज करताना आर-एट हे ॲप लहान करणारं साधन न वापरलेला कोड काढून टाकतं आणि क्लासची (कोडच्या तुकड्यांची) नावं बदलतं. एसडीके एखादा क्लास नावानं शोधत असेल तर तो सापडत नाही. एसडीकेच्या कागदपत्रांत ‘कीप’ नियम (कुठल्या क्लासला हात लावू नये ते) दिलेले असतात, ते तुमच्या प्रोगार्ड फाईलमध्ये, म्हणजे आर-एटच्या नियमांच्या फाईलमध्ये, टाका. क्रॅशच्या लॉगमध्ये कुठला क्लास सापडला नाही ते दिसेल. यापुढं चाचणी रिलीज आवृत्तीवरच घ्या.

१६ केबीची सूचना मेमरी पेजच्या, म्हणजे फोन मेमरी ज्या तुकड्यांत वाटतो त्यांच्या, आकाराची आहे. अँड्रॉइड १५ आणि पुढच्या आवृत्त्यांसाठीच्या ॲपमधल्या नेटिव्ह लायब्ररींनी (प्रोसेसरसाठी आधीच तयार केलेल्या कोडच्या फाईलींनी) तो आकार सांभाळला पाहिजे, अशी अट गूगल प्लेनं १ नोव्हेंबर २०२५ पासून लावलीय. चेहरा ओळखणाऱ्या एसडीकेत अशा लायब्ररी असतातच. त्या तुम्हाला दुरुस्त करता येणार नाहीत. एसडीकेची नवी आवृत्ती घ्या. कंपनीकडं ती नसेल, तर एसडीके बदलायची तयारी आत्ताच करा.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. एका कर्जाच्या ॲपनं मान वळवून सेल्फी मागितली, मी दिली. कर्ज घेतलं नाही. आता त्या फोटोचं काय?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : ॲप नुसतं डिलीट करू नका, त्यानं फोटो जात नाही. ॲपमध्ये किंवा त्यांच्या संकेतस्थळावर तक्रार निवारण अधिकाऱ्याचा ईमेल असतो. तिथं लेखी कळवा : मी संमती मागं घेतेय, कर्ज घेतलेलं नाही, माझी माहिती काढून टाका आणि तसं लेखी कळवा. अर्ज केल्याची तारीख आणि अर्जाचा क्रमांकही लिहा. ईमेलची प्रत जपून ठेवा. मग यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर जाऊन आधारचं बायोमेट्रिक लॉक करा. ते फुकट आहे, आणि लागेल तेव्हा उघडता येतं. तुमच्या नावावर कुठं कर्ज दिसतंय का, ते क्रेडिट अहवालात (तुमच्या कर्जांच्या नोंदींच्या अहवालात) पाहा. प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो.