डबकं बुजवू नका, आणि गप्पी तर अजिबात नकोत

प्रश्न: ताई नमस्कार, मी दहिसरचा, रिटायर्ड माणूस. लेक-जावयाने मिशिगनमध्ये डेट्रॉइटपासून तासाभरावर घर घेतलंय, मागे ओक आणि मेपलचं रान. एप्रिलमध्ये आम्ही दोघं गेलो होतो तेव्हा रानात गुडघाभर पाणी, झाडं पाण्यातच उभी. रात्री बदकं ओरडावीत तसा गलका, टॉर्च मारला तर बदक एकही नाही. लेक म्हणते ऑगस्टमध्ये हेच सगळं ठणठणीत कोरडं असतं. शेजारी सांगतो चर खणून पाणी काढून टाका, डास होतील. मी म्हटलं आपल्याकडे पालिकेवाले गप्पी मासे सोडतात तसे मासे सोडा, खर्चही नाही. बरोबर ना माझं?
– दहिसरचे एक आजोबा

उत्तर: काका, आधी तुमच्या बदकांचं. ते वूड फ्रॉग होते, बेडूक! नर अगदी बदकासारखेच क्वॅक क्वॅक करतात. हा प्राणी थंडीत पाचोळ्याखाली चक्क गोठतो, हृदयसुद्धा थांबतं, पण अंगात ग्लुकोज इतकं भरून घेतो की पेशी शाबूत राहतात, आणि बर्फ वितळलं की उठतो ते थेट पाणी गाठतो.

आता मासे. गप्पी तिथल्या थंडीत तसेही टिकणार नाहीत, पण कुठलेच मासे नकोत. तुम्ही पाहिलंत ते डबकं दरवर्षी सुकतं म्हणूनच त्यात मासे नाहीत आणि मासे नाहीत म्हणूनच बाकीचे जगतात. वूड फ्रॉगची अंडी, काळ्या अंगावर पिवळे ठिपके असलेल्या सॅलमँडरची (पालीसारखा दिसणारा, पण बेडकाच्या नात्यातला प्राणी) पिल्लं, फेअरी श्रिम्प म्हणजे नखाएवढी कोळंबीसारखी आणि कायम उलटी पोहणारी मंडळी, हे सगळं माशांच्या दृष्टीने आयतं ताट. फेअरी श्रिम्पची अंडी तर कोरड्या चिखलात पडून राहतात आणि पुढच्या पाण्याला फुटतात. पुढच्या एप्रिलला गेलात तर सॅलमँडरच्या अंड्यांचा जेलीसारखा गोळा शोधा, बऱ्याचदा तो हिरवट दिसतो कारण आत शेवाळ वाढतं. हात मात्र लावू नका, नुसतं बघा.

डासांचं म्हणाल तर अशा पाण्यात डास होतात, खोटं कशाला बोलू, पण त्यांच्या अळ्या खाणारे पाणभुंगे, चतुरांची पिल्लं, सॅलमँडरची पिल्लं तिथेच असतात. चर खणलात की पाणी सगळं जात नाही, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांमध्ये थोडं थोडं साचून राहतं आणि तिथे खाणारं कुणीच नाही. मग डासांची खरी मजा.

पाणी साचतं का, तर खाली चिकणमाती. हिमयुगाच्या शेवटी बर्फ मागे हटलं तेव्हा तिथे मोठी तळी होती, त्यांच्या तळाचा गाळ आज जमिनीखाली आहे आणि पाणी त्यातून मुरत नाही. बर्फ वितळलं की रान भरतं, मग उन्हाळ्यात झाडंच पाणी ओढून घेतात आणि सुकतं. पिन ओक, स्वॅम्प व्हाइट ओक, रेड मेपल ही अशी ओढाताण सोसणारी झाडं. मुळं उथळ असतात म्हणून वादळात झाड मुळासकट आडवं होतं, त्या खड्ड्यात पाणी राहतं आणि उपटलेल्या मातीच्या उंचवट्यावर नवी रोपं धरतात. त्यामुळे पडलेलं झाड साफ करायला कुणाला बोलवू नका.

हे रान आधीच बऱ्यापैकी सोसून बसलंय. २००२ मध्ये डेट्रॉइटजवळच एमराल्ड ॲश बोरर हा आशियातून आलेला किडा सापडला आणि ॲशची झाडं कोट्यवधींनी गेली. हरणं ओकची रोपं खातात, बकथॉर्न नावाचं बाहेरून आलेलं झुडूप खालची जागा अडवतं, त्यात ओकच्या रोपाला वाढायला ऊन हवं असतं आणि रेड मेपलचं सावलीतही भागतं, म्हणून वर म्हातारे ओक आणि खाली सगळे मेपलच असं चित्र खूप ठिकाणी दिसतं. जावयाला सांगा, रविवारी बकथॉर्न उपटायचा, जिमचे पैसे वाचतील.

चर खणण्याचं काय होतं ते शेजारच्या ओहायोत बघा. वायव्य ओहायोत ग्रेट ब्लॅक स्वॅम्प होतं, सुमारे ४० मैल रुंद, एकोणिसाव्या शतकात चर आणि मातीचे पाइप घालून सुकवलं, शेती मस्त झाली. पण शेतातलं खत आता नदीतून इरी सरोवरात जातं, आणि ऑगस्ट २०१४ मध्ये शेवाळाच्या विषामुळे तिथल्या टोलेडो शहराच्या सुमारे ४ लाख लोकांना नळाचं पाणी पिऊ नका म्हणून सांगावं लागलं. नुसत्या एका दलदलीमुळे नाही हो, पण पाणी अडवणारी जागाच उरली नाही हे मोठं कारण.

कायद्यावर विसंबू नका. मिशिगनचा स्वतःचा वेटलँड म्हणजे पाणथळ जागांचा कायदा १९७९ पासून आहे, पण नदी-तळ्याला न जोडलेली आणि ५ एकरांहून लहान डबकी बहुतेक वेळा त्यातून सुटतात. आणि २०२३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सॅकेट नावाच्या खटल्यात पाणथळ जागांना लागू होणाऱ्या केंद्राच्या कायद्याची कक्षाही आवळली. म्हणजे लेकीच्या मागचं डबकं लेकीच्याच हातात. फक्त पाणी वाचवून पण चालणार नाही, सॅलमँडर वर्षातले बहुतेक दिवस आसपासच्या रानात पाचोळ्याखाली किंवा बिळात असतो, शंभर-दीडशे मीटर लांबसुद्धा, त्यामुळे डबक्याभोवतीचं रान आणि पाचोळा तसाच ठेवा. ते पानं उडवायचं मशीन तिकडे नेऊच नका, डबक्यातल्या सगळ्यांचं जेवण त्या पानांवरच चालतं.

प्रश्न: आपल्याकडे असलं पाण्यात उभं रान आहे का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर: आहे की. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात बांबर्डे इथे रानटी जायफळाच्या जातीचं जंगल पाण्यात उभं आहे, मुळं गुडघ्यासारखी वर येतात. २०२१ मध्ये ते जैवविविधता वारसा स्थळ झालं. आणि सुकणारी डबकी बघायची तर पावसाळ्यात सह्याद्रीतल्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, जा, फेअरी श्रिम्प तिथेही भेटतात.

प्रश्न: ताई, मेपलचं रोप ठाण्याच्या बाल्कनीत जगेल?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: नाही हो. त्याला कडक थंडीची झोप लागते, ती ठाण्यात कुठून देणार? कढीपत्ता लावा.