अळ्या मेल्या नव्हत्या

सांगलीहून ज्यांनी विचारलंय की कॅफिन घातलेल्या खाद्यावर ड्रॉसोफिलाच्या, म्हणजे पिकल्या केळ्यावरच्या चिलटांच्या, अळ्या दोन-अडीच दिवस उशिरा कोषात जातात आणि सर म्हणतात 'विषबाधा लिही, विषय संपव', तर खरं कारण कसं शोधू, त्यांच्यासाठी हे. खाद्य, नळ्या, मोजणी तुम्हाला येत असणारच, ते सोडून देते.

पंधरा वर्षांपूर्वी एम.एस्सी.ला असताना साताऱ्यात मी हेच करत होते. मला खरं तर फेनोबार्बिटल हे फिटवरचं औषध हवं होतं, कारण माशीची विष निकामी करणारी जनुकं ते जोरात चालू करतं. नशेच्या औषधांच्या कायद्यात येतं, परवानगी लागते, कबूल. पण खरेदीच्या टेबलावरून फाइल परत आली ती 'फळमाशी ही शेतीची कीड असल्याने कृषी खात्याचा अभिप्राय घ्यावा' असा शेरा घेऊन! आंबा-पेरूतली फळमाशी वेगळी आणि पिकल्या केळ्यावर घोंगावणारी ही चिलटं वेगळी, हे पटवण्यात चार महिने गेले. शेवटी कॅफिनवर भागवलं.

त्याहून महागात पडली ती माझीच चूक. 25 अंशांना साधारण पाचव्या दिवशी कोष दिसतात, म्हणून मी सातव्या दिवशी कोष मोजायचे, उरलेल्या अळ्या 'मृत' या रकान्यात टाकायचे आणि नळ्या गरम पाण्यात. असं सहा महिने. मग गौरी-गणपतीच्या सुट्टीत एक रॅक धुवायचा राहिला. परत येऊन बघते तर काचेला चिकटलेले फुटके, पारदर्शक कोष आणि कापसाच्या बुचाखाली माश्याच माश्या. वहीत त्या सगळ्या मेलेल्या. अख्खा तक्ता बाद!

उशीर का झाला, हे तेव्हा आम्हाला कुणीच सांगू शकलं नाही. 2013 साली मिशिगन विद्यापीठातल्या डेंग आणि केरपोला यांचं काम आलं, तेव्हा डोक्यात उजेड पडला. सीएनसीसी आणि कीप-वन ही प्रथिनांची जोडी आपण विषाच्या धड्यात शिकतो: कीप-वन सीएनसीसीला धरून ठेवतं, विष आलं की पकड सुटते आणि सीएनसीसी विष मोडणाऱ्या विकरांची जनुकं चालू करतं. यांना मात्र ही दोन्ही प्रथिनं लाळग्रंथीतल्या जाडजूड गुणसूत्रांवर सापडली, तीही एक्डायसोनमुळे फुगणाऱ्या जागांवर. एक्डायसोन म्हणजे अळीला कोषात जायचा हुकूम देणारं संप्रेरक. ते जिथे तयार होतं त्या प्रोथोरॅसिक ग्रंथीत ही प्रथिनं कमी केली, तर संप्रेरक बनवणारी जनुकं मंदावली आणि कोष लांबले. तसं पाहिलं तर सीएनसीसीच्या जनुकाचं नावच गर्भाच्या डोक्याकडे दिसणाऱ्या टोपी आणि कॉलरवरून पडलंय. विकासाशी त्याचं नातं जुनंच, विषाचं काम आपल्याला उशिरा कळलं.

पण इथे घाई नको. प्रथिनं *कमी* केल्यावर उशीर होतो. विषाने तर सीएनसीसी उलट मोकळं होतं. म्हणून 'प्रथिनं विषात गुंतली, कोष रखडला' असं सरळ लिहून टाकू नका. परीक्षक पेंगत असेल तर खपेल, पण तुमच्या आकड्यांतून ते सिद्ध होत नाही. खाद्य कडू लागलं की अळी कमी खाते आणि ठरावीक वजन गाठेपर्यंत कोषाकडे वळत नाही, एवढंही कारण असू शकतं.

मी रेणू-जीवशास्त्रातली नाही, अकरावी-बारावीला शिकवते, तेव्हा माझं म्हणणं तपासून घ्या. तरी माझ्या मते आधी खाद्यात खायचा निळा रंग घालून पोट किती भरतंय ते पाहा, आणि तिसऱ्या अवस्थेतल्या अळ्या दहा-दहाच्या गटाने तोला. वजन सारखं आणि तरी उशीर, तर मग संशय संप्रेरकावर. तेव्हा 20-हायड्रॉक्सीएक्डायसोन (एक्डायसोनचं प्रत्यक्ष काम करणारं रूप) खायला घालून उशीर भरून निघतो का बघता येईल. महाग आहे, विकत घेऊ नका. कोल्हापूर-पुण्याकडे कुणाकडे तरी चिमूटभर मागा.

कॅफिनच्या आणि साध्या खाद्याच्या अशा दोन्ही गटांचे रॅक एकाच फळीवर हवेत. 18 अंशांना सगळं चक्र जवळपास दुप्पट लांबतं आणि 30 च्या आसपास नर वांझ होतात, सांगलीचा एप्रिल तुम्हाला माहीतच आहे. खाद्यातला गूळही एकाच ढेपेतला वापरा.

आणि नळ्या निदान पंधरा दिवस ठेवा. धुणाऱ्या मावशींना तोंडी सांगा, नुसती चिठ्ठी लावू नका. माझी चिठ्ठी नळीबरोबरच धुतली गेली होती.